एमएच ०१ पासिंगची जुनी पिकअप घेताय? आधी मागचा एक्सल बघा

दादरचा फुलबाजार असो की भाजी मंडई, पहाटे मालाच्या पिकअपची रांग ठरलेली. मुंबईत काही वर्षं राबलेल्या अशा गाड्या पुढे गावाकडं विकायला येतात. नंबर एमएच ०१ असेल तर गाडी ताडदेव आरटीओची. गिरगाव, लालबाग, परळ, दादर हा भाग त्याच आरटीओत येतो. किंमत परवडते, रंग नवा दिसतो, इंजिनही चालू असतं. पण जास्त माल बसावा म्हणून आधीच्या मालकानं मागच्या एक्सलला काय काम करून घेतलंय, ते वरून दिसत नाही. म्हणून सौदा करण्याआधी ही माहिती वाचा.

कोणते बदल केलेले असतात?

जादा पाटे : सगळ्यात जास्त होणारं काम. यानं गाडी मागून बसत नाही आणि मालकाला वाटतं ताकद वाढली. पण वजन झेलायचं काम एकट्या पाट्यांचं नसतं. एक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर आणि चेसिस यात जे सगळ्यात कमकुवत, तेवढीच गाडीची खरी ताकद.

यात आणखी एक धोका आहे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. एका दांडीनं तो एक्सलला जोडलेला असतो. माल भरून गाडी खाली बसली की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. पाटे वाढवल्यावर गाडी बसतच नाही, त्यामुळं भरलेली गाडीही व्हॉल्व्हला रिकामीच वाटते. मग कसारा किंवा खंडाळ्याचा घाट उतरताना मागचा ब्रेक कमी लागतो.

डबल टायर : सिंगल टायरच्या एक्सलला स्पेसर लावून जोडचाक बसवतात. चाक बाहेर सरकलं की बेअरिंगवर आणि एक्सलच्या टोकावर ताण वाढतो. ज्या एक्सलमध्ये शाफ्टवरच गाडीचं वजन असतं, तिथं शाफ्ट तुटला तर चाकच निघून जाऊ शकतं.

दुसऱ्या गाडीचं हौसिंग : पाट्याच्या बैठका कापून वेल्डिंगनं नव्यानं बसवाव्या लागतात. बैठक थोडी जरी तिरकी बसली तरी जॉइंट शाफ्टचा कोन बिघडतो, गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर जातात.

क्राउन-पिनियन : क्राउनला ४१ दात आणि पिनियनला ८ असतील तर रेशो ५.१२ पडतो. ३७ आणि ९ असतील तर ४.११. आकडा मोठा तर ओढ जास्त, पण त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं आणि डिझेल जास्त जातं. मीटरची केबल गिअरबॉक्सवरून असेल तर वेगही चुकीचा दिसतो.

लांबवलेला हौदा : एक्सलच्या मागं वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग हातात राहत नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेली मूळ रचना बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. कलम १८२ए प्रमाणे बेकायदा बदलाला मालकावर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ओव्हरलोडला कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. जादा माल उतरवून घ्यायचा खर्चही आपलाच.

आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं. बदल आधीच्या मालकानं केला असला तरी पासिंगला गाडी घेऊन आपल्यालाच उभं राहावं लागतं. अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर हरकत घेऊ शकते.

घेण्याआधी काय तपासायचं?

– आरसीवरचं एकूण वजन, टायरची संख्या आणि मापं गाडीशी जुळवून बघा.
– दोन्ही बाजूचे पाटे मोजा. त्याच मॉडेलच्या मूळ गाडीशी ताडून पाहा.
– हौसिंगवर आणि चेसिसवर नवं वेल्डिंग किंवा नुसता ताजा रंग आहे का, ते गाडीखाली जाऊन बघा.
– डिफरन्शियलचं ऑइल काढा. त्यात लोखंडाचा चुरा निघाला तर किंमत पाडा, नाहीतर सौदा सोडा.
– ब्रेकच्या व्हॉल्व्हची दांडी जागेवर आहे की काढून टाकलीय, हे मेकॅनिकला विचारा.
– गाडी तुमच्या आरटीओत न्यायची तर ताडदेवची एनओसी म्हणजे फॉर्म २८, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५ घ्या.

गाडी आधीच घेतली असेल तर?

मूळ मापाचे पाटे, बेअरिंग, ब्रेक लायनर परत बसवायला काही अडचण नाही. मुंबईत ऑपेरा हाउसच्या आसपास पार्टची दुकानं आहेत, कुर्ल्याला सीएसटी रोडलाही मिळतात. चोर बाजारातला वापरलेला एक्सल स्वस्त पडतो, पण तो घेताना तडा आणि वेल्डिंग तपासाच. जुना पार्ट सोबत नेऊन त्याचा नंबर जुळवूनच नवा घ्या.

माल खरंच जास्त असेल तर दोन खेपा करा, नाहीतर जास्त वजनाचं पासिंग असलेली गाडी घ्या. खेपेमागं चार पैसे जादा जातील, पण घाटात ब्रेक लागेल आणि ड्रायव्हर घरी येईल.