वेठीपासून टेंडरपर्यंत: आपल्या वस्तीचा रस्ता कोणी खाल्ला?

वस्तीतला रस्ता पहिल्याच पावसात उखडला की आपण ठेकेदाराला शिव्या देतो आणि गप्प बसतो. पण सरकारी कामाची खरी किंमत आपला समाज किती काळापासून मोजतो आहे, याचा इतिहास आपल्याच धाराशिव जिल्ह्यात आहे.

फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. वतन म्हणजे नेमके काय होते? सरकारी कामाचा सर्वात स्वस्त ठेका! सरकारी खजिना पोहोचवणे, टपाल नेणे, अंमलदारापुढे धावणे, चावडी आणि गावकूस दुरुस्त करणे. ही कामे एका माणसाच्या नव्हे, तर अख्ख्या घराच्या माथी होती. मोबदला काय, तर जमिनीचा तुकडा आणि गावाच्या मर्जीवरचे बलुते. सरकारच्या वहीत हा खर्च जवळजवळ शून्य दिसे, कारण तो आपल्या आजोबा-पणजोबांच्या अंगातून वसूल होत होता. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात वतन कायदा दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा व्हायला मात्र १९५८ साल उजाडले.

मग आला १९७२ चा दुष्काळ. मराठवाड्यातल्या हजारो बायाबापड्यांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले. त्यातूनच रोजगार हमीचा १९७७ चा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. या कामांचे तत्त्व साधे होते: मध्ये ठेकेदार नको, केलेल्या कामाचे माप घ्या आणि मजुराच्या हातात मजुरी द्या. २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यानेही ठेकेदाराला बंदी घातली होती. म्हणजे 'ठेकेदाराशिवाय सरकारी काम होतच नाही' ही थाप आहे.

आता आपल्या वस्त्यांकडे या. डिसेंबर २०११ च्या शासन निर्णयाने अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासासाठी लोकसंख्येनुसार कमाल निधी ठरवला. १० ते २५ लोकसंख्येच्या वस्तीला २ लाख, ३०० च्या वर असेल तर २० लाख. आकडे बदलले तरी मर्यादेची पद्धत नीट समजून घ्या. कृष्णा-मराठवाडा सिंचन प्रकल्पाला २००१ मध्ये सुमारे २,३८२ कोटींची मान्यता होती. आज तो आकडा ११,७०० कोटींच्या वर गेला आहे. मोठ्या कामाला 'सुधारित प्रशासकीय मान्यता' मिळते, म्हणून तिथला वाढलेला खर्च निदान कागदावर तरी दिसतो. वस्तीच्या कामाला मर्यादेची भिंत आहे. तिथे कोणी टक्का खाल्ला तर खर्च वाढत नाही, रस्ता कमी होतो. सहा इंचाचा थर चार इंचाचा होतो, शंभर मीटरचा रस्ता ऐंशी मीटरवर थांबतो. कागदावर मात्र हिशेब चोख!

वतनात आपले श्रम हिशेबातून गायब होते. आज आपल्या हक्काचे सिमेंट हिशेबात आहे आणि जमिनीवर गायब आहे. लूट तीच, वही बदलली.

मग करायचे काय? नुसता मोर्चा पुरत नाही, कागद वाचावा लागतो. माहिती अधिकार कायदा २००५ चे कलम २ (ञ) काढा. त्यात फक्त झेरॉक्स मागण्याचा हक्क नाही. कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. अर्जाची फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तीही नाही. तीन कागद मागा: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिका. मग हातात टेप घ्या आणि पुस्तिकेतली लांबी, रुंदी, जाडी रस्त्यावर मोजून बघा. फरक सापडला तर तो लेखी ग्रामसभेत मांडा आणि ठरावात नोंदवून घ्या.

बाबासाहेबांनी 'शिका' म्हटले ते फक्त पदवीसाठी नव्हे. ज्या समाजाला मोजमाप पुस्तिका वाचता येते, त्याच्या वस्तीचा रस्ता गिळणे सोपे नसते.

जय भीम!