ध्रुवावरचे ढग : उत्तर बरोबर, रीत चूक

१ एप्रिल १९६० रोजी अमेरिकेने 'टायरॉस-१' हा पहिला हवामान उपग्रह सोडला. त्याने पाठवलेली ढगांची चित्रे अंधुक होती, तरी वादळांचे भोवरे वरून कसे दिसतात हे माणसाने प्रथमच नियमितपणे पाहिले. मात्र हा उपग्रह साधारण ४८ अक्षांशापर्यंतच जाई, ध्रुव त्याच्या वाटेवर नव्हते. १९६४ साली ध्रुवांवरून फिरणारा 'निंबस-१' आला आणि एक नवीच अडचण पुढे आली. ध्रुवांचे फोटो मिळत, पण त्यांत ढग कोणता आणि बर्फ कोणता, हे कळत नसे.

याचे कारण सोपे आहे. खाली पांढरा बर्फ आणि वर पांढरा ढग. त्यात ध्रुवावर सहा महिन्यांची रात्र, म्हणजे साध्या प्रकाशात काही दिसायचेच नाही. मग अवरक्त किरण वापरावेत, तर तिथेही पंचाईत. आपल्याकडे जमीन उबदार आणि ढग थंड असतो, म्हणून अवरक्त चित्रात तो उठून दिसतो. ध्रुवावर हिवाळ्यात जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते. त्यामुळे ढग बर्फाइतकाच थंड, कधी त्याहून उबदारही असतो. ढग ओळखण्याच्या दोन्ही खुणा तिथे निकामी ठरतात.

छत्री आणि पांघरूण

ढग ओळखण्याची एवढी निकड का? ढग एकाच वेळी दोन कामे करतो. छत्रीसारखा तो सूर्यप्रकाश परतवतो आणि पांघरुणासारखा जमिनीची उष्णता अडवतो. यातले कोणते काम वरचढ, याचे मोजमाप १९८४ साली सोडलेल्या 'ईआरबीएस' या उपग्रहामुळे शक्य झाले. चेन्नईत जन्मलेले वीरभद्रन रामनाथन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८९ साली त्याचा हिशेब मांडला. एप्रिल १९८५ मध्ये जगभरच्या ढगांनी दर चौरस मीटरमागे सुमारे ४४ वॅट ऊर्जा परतवली होती आणि सुमारे ३१ वॅट अडवून ठेवली होती. म्हणजे एकंदरीत ढग पृथ्वीला थंड ठेवतात.

ध्रुवावर हा हिशेब उलटतो. लांबच्या रात्रीत छत्रीला काम नसते, पांघरूण तेवढे उरते. शिवाय खालचा बर्फ स्वतःच प्रकाश परतवत असल्याने छत्रीचा उपयोगही कमी. ऑक्टोबर १९९७ मध्ये कॅनडाचे एक बर्फफोडे जहाज ब्यूफोर्ट समुद्राच्या बर्फात मुद्दाम अडकवून ठेवले गेले आणि 'शीबा' नावाच्या या मोहिमेत शास्त्रज्ञांनी तिथे वर्षभर मोजमापे केली. ढग वर्षाचा बहुतेक काळ त्या भागाला ऊबच देतात, फक्त ऐन उन्हाळ्यातले थोडे दिवस थंडावा देतात, असे आढळले. त्याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे उणे ३० अंशांच्या आसपासच्या ढगांतही द्रवरूप पाणी होते!

हे कसे शक्य आहे? पाणी शून्य अंशाला गोठते, हे आपण वर्गात शिकवतो. पण गोठण्याची सुरुवात व्हायला धुळीचा योग्य असा कण लागतो. तो नसेल, तर ढगातला सूक्ष्म थेंब उणे ३८ अंशांपर्यंत द्रव राहू शकतो. याला अतिशीत पाणी म्हणतात. त्याचे थेंब बारीक आणि असंख्य असतात, म्हणून ते प्रकाश चांगला परतवतात आणि उष्णताही चांगली अडवतात. हिमस्फटिक मोठे आणि मोजके असतात, शिवाय लवकर गळून पडतात. तेव्हा प्रश्न केवळ 'ढग किती' एवढाच राहिला नाही. 'ढगात पाणी किती आणि हिम किती' हे विचारणे भाग पडले.

दोन जुळे उपग्रह

एका जहाजावरून सगळ्या ध्रुवाचे उत्तर मिळत नाही. ते मिळवण्यासाठी २८ एप्रिल २००६ रोजी 'कॅलिप्सो' आणि 'क्लाउडसॅट' हे दोन उपग्रह एकाच अग्निबाणाने गेले आणि सुमारे ७०५ किलोमीटर उंचीवरून एकामागोमाग फिरू लागले. क्लाउडसॅटवर रडार होते, कॅलिप्सोवर लेसर. दोघांना सूर्यप्रकाश लागत नव्हता, त्यामुळे ध्रुवीय रात्रीचीही अडचण उरली नाही. लेसरची युक्ती पाहण्यासारखी आहे. ध्रुवित प्रकाश गोल थेंबावरून परतला, तर त्याचे ध्रुवण बरेचसे टिकते, पैलूदार हिमस्फटिकावरून परतला, तर ते बिघडते. एवढ्यावरून पाणी आणि हिम वेगळे ओळखता येतात.

आता संगणकातील हवामान-प्रारूपांची परीक्षा घेता आली. त्यासाठी 'उपग्रहाने प्रारूपातले ढग पाहिले असते, तर त्याला काय दिसले असते' याचे गणित करणारे प्रोग्रॅम लिहिले गेले, म्हणजे तुलना सारख्यास सारखी होते. अनेक प्रारूपे थंड ढगांत हिम जास्त आणि पाणी कमी धरत होती, असे दिसून आले.

याचा परिणाम दूरवर जातो. हवा तापली की ढगातल्या हिमाच्या जागी पाणी येते, ढग अधिक उजळ होतो आणि तापमानवाढीला थोडा लगाम बसतो. हिम मुळातच जास्त धरले, तर हा लगामही वाजवीपेक्षा मोठा धरला जातो. आयव्ही टॅन, ट्रूड स्टोरेलव्हमो आणि मार्क झेलिंका यांनी २०१६ साली एका प्रारूपातले हे प्रमाण कॅलिप्सोच्या मोजमापांशी जुळवले. हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास होणारी तापमानवाढ त्या प्रारूपात ४ अंशांवरून ५ ते ५.३ अंशांवर गेली.

मग ५.३ हेच खरे उत्तर का? नाही. आंतरराष्ट्रीय हवामानबदल मंडळाने २०२१ साली अनेक प्रकारचे पुरावे एकत्र तोलून ३ अंश हा सर्वोत्तम अंदाज दिला आणि २.५ ते ४ अंश ही संभाव्य मर्यादा ठरवली. प्रारूपातली एक चूक सुधारली, तरी बाकीच्या तशाच राहतात. उलट कधी कधी दोन चुका एकमेकींना झाकत असतात आणि एक दूर केली की दुसरी उघडी पडते. गणिताच्या शिक्षकांना हे नवीन नाही. पुस्तकामागचे उत्तर जुळले, तरी ते पायऱ्या तपासतात. उपग्रहांनी प्रारूपांच्या पायऱ्या तपासल्या, हे त्यांचे मोठे काम.

हा प्रश्न केवळ संगणकातला नाही. जुलै २०१२ मध्ये ग्रीनलंडच्या हिमस्तराचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग वितळला. माथ्यावरच्या समिट केंद्रातील नोंदींवरून त्यात पातळ, द्रवरूप पाण्याच्या ढगांचा हात असल्याचे दिसले. ऊन खाली जाऊ देण्याइतके ते विरळ होते आणि उष्णता अडवण्याइतके दाटही. तिथले बर्फ समुद्रात गेले, की पाणी जगातल्या प्रत्येक किनाऱ्याला लागते.

दोन्ही जुळ्या उपग्रहांचे काम २०२३ साली थांबले. मे २०२४ मध्ये युरोप आणि जपान यांचा 'अर्थकेअर' आकाशात गेला. त्याच्यावर लेसर आणि रडार दोन्ही आहेत, आणि ढगातले कण किती वेगाने खाली येतात हेही त्याचे रडार मोजते. हिम ढगातून किती लवकर गळते, ही पुढची पायरी आता तपासली जात आहे.