शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असें आपण सहज म्हणतों. परंतु शितें किती घ्यावीं व त्यांच्या साक्षीवर कितपत विसंबावें, या प्रश्नाच्या शास्त्रीय उत्तराचा पाया एका निर्वासितानें घातला, हें फारसें कोणास ठाऊक नसतें.

अब्राहम द म्वाव्हर हा १६६७ सालीं फ्रान्समध्यें प्रॉटेस्टंट कुळांत जन्मला. चौदाव्या लुईनें १६८५ मध्यें नांतचा आदेश रद्द करून त्या पंथाचें धर्मस्वातंत्र्य हिरावून घेतलें, तेव्हां त्यानें पुढें लंडनचा आश्रय केला. १६९७ मध्यें तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला, न्यूटनचा स्नेहही त्यास लाभला; पण विद्यापीठांत अध्यापकाची जागा कधींच मिळाली नाहीं. खाजगी शिकवण्यांवर त्यानें आयुष्य कंठिलें.

द्यूतांतील संभवांचा विचार करतां करतां १७३३ मध्यें त्यानें एक छोटें लॅटिन टिपण छापलें. नाणेफेकीसारखा समसमान संभवाचा प्रयोग ३६०० वेळां केल्यास छापा सुमारें १८०० वेळां पडेल, हें कोणीही सांगेल. तो १७७० पेक्षां कमी नाहीं व १८३० पेक्षां अधिक नाहीं, असा पडण्याचा संभव ०.६८२६८८ आहे, हें द म्वाव्हरनें सांगितलें. हे ३० म्हणजे ३६०० च्या वर्गमुळाचें अर्ध. फेकी चौपट केल्या तर हा पल्ला दुप्पटच होतो; अर्थात् प्रमाणांतील अनिश्चितता निमी होते. दुप्पट नेमकेपणा हवा, तर श्रम चौपट करावे लागतात.

१८१० मध्यें लाप्लासनें हाच नियम नाण्यापलीकडे नेला. मूळ राशि कशाही विखुरलेल्या असोत, त्यांचा विस्तार मर्यादित असला म्हणजे पुरे. त्यांतून यदृच्छेनें काढलेल्या मोठ्या नमुन्यांच्या सरासऱ्या घंटेच्या आकृतींत येऊन बसतात. १९०१ मध्यें ल्यापुनोव्हनें याची काटेकोर सिद्धता दिली, आणि १९२० मध्यें पोल्यानें त्यास ‘मध्यवर्ती सीमा-सिद्धांत’ हें नांव दिलें.

आपल्याकडे पिकाचा अंदाज पूर्वी नजरेनें, आणेवारीनें होई. आणि शेतसाऱ्याची सूट त्या आण्यांवर अवलंबून असे. सातारा जिल्ह्यांतील बुध येथें १९११ मध्यें जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं १९४० नंतरच्या दशकांत, यदृच्छेनें निवडलेल्या शेतांतील ठराविक तुकड्यांचें पीक कापून मोजण्याची पद्धति देशांत रुजविण्यास मोठा हातभार लावला. कुळाच्या घरांतील दाण्यांशीं द म्वाव्हरच्या वर्गमुळाचा असा संबंध जडला.

मात्र एक अट विसरतां कामा नये. प्रत्येक शेतास निवडीची रीतसर संधि मिळाली पाहिजे. मोजणारा रस्त्याकडेचींच शेतें पाहूं लागला, तर हजारों शेतें मोजूनही त्याचा पक्षपात तिळमात्र कमी होणार नाहीं. संख्या वाढल्यानें केवळ आकस्मिक चूक घटते. द म्वाव्हरला या नियमिततेंत ईश्वरी योजना दिसली. ती ज्यास दिसत नाहीं, त्यासही एवढें मान्य व्हावें कीं, आपल्या चुकीचें माप आधींच सांगणारें उत्तर हें निव्वळ ठाम उत्तरापेक्षां अधिक प्रामाणिक असतें.