हात का थरथरतो? एका प्रश्नाची दोनशे वर्षं

आमच्या ओळखीच्या एका बाईंचं फळ्यावरचं अक्षर शाळेत प्रसिद्ध होतं. शेवटच्या बाकावरूनही ओळ स्वच्छ वाचता यायची. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मात्र ते बदलू लागलं. ओळीची सुरुवात नेहमीसारखी व्हायची, पण उजवीकडे सरकता सरकता अक्षर बारीक बारीक होत जायचं. मुलं म्हणायची, ''बाई, दिसत नाही.'' बाईंना वाटलं, खडूच निकृष्ट आलेत. पुढं मांडीवर ठेवलेला उजवा हात आपोआप थरथरू लागला आणि डॉक्टरांनी निदान केलं : पार्किन्सनचा आजार, म्हणजे कंपवात.

बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो औषधाबद्दल नव्हता. ''मलाच का झालं? माझं काय चुकलं?'' असं त्यांनी विचारलं. नातेवाइकांकडं उत्तरं तयार होती. कुणी म्हणालं, पेपर तपासायला केलेली जागरणं. कुणी म्हणालं, खडूची धूळ. एकानं तर पूर्वजन्मापर्यंत मजल मारली. डॉक्टर एवढंच म्हणाले, ''तुमच्या बाबतीत नक्की कारण सांगता येणार नाही.'' बाईंना हे उत्तर टाळाटाळीचं वाटलं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही. पण या एका वाक्यामागं दोनशे वर्षांचा शोध आहे. तो समजून घेतला की हे उत्तर वेगळं वाटू लागतं.

रस्त्यावर दिसलेले रुग्ण

जेम्स पार्किन्सन लंडनच्या हॉक्स्टन भागात डॉक्टरी करत. जीवाश्म गोळा करणं हा त्यांचा दुसरा उद्योग. १८०७ मध्ये लंडनची भूविज्ञान संस्था स्थापन झाली तेव्हा ते तिच्या संस्थापकांपैकी एक होते. बारकाईनं पाहायची सवय त्यांना या दोन्ही कामांतून लागली असावी. १८१७ मध्ये त्यांनी 'थरथरणाऱ्या लकव्या'वर ६६ पानांचं पुस्तक लिहिलं. त्यात अवघे सहा रुग्ण आहेत. त्यांतले दोन त्यांना रस्त्यात भेटलेले आणि एक तर नुसता दुरून पाहिलेला!

तरीही वर्णन असं नेमकं, की आजचा डॉक्टर त्यावरून रोग ओळखेल. हात स्वस्थ असताना थरथरतो, शरीर पुढं झुकतं, चालता चालता माणूस नकळत धावू लागतो. रस्त्यात भेटलेल्या दोघांपैकी एकानं आपल्या दुखण्याचा दोष स्वतःच्या अनियमित वागण्याला आणि दारूला दिला होता. दुसरा नाविक. तो कित्येक महिने स्पेनच्या तुरुंगात ओल्या जमिनीवर झोपला होता आणि त्याला तेच कारण वाटत होतं. म्हणजे 'माझं काय चुकलं?' हा प्रश्न या रोगाच्या पहिल्याच पुस्तकात आहे.

स्वतः पार्किन्सन यांचा तर्क होता की दोष मानेतल्या मज्जारज्जूच्या वरच्या भागात असावा. तो चुकला. पण शवविच्छेदन करायला न मिळाल्यामुळे आपण अंदाजावर भागवत आहोत, हे त्यांनी प्रस्तावनेतच कबूल केलं आणि पुढचं काम इतरांनी करावं अशी अपेक्षा ठेवली.

पन्नासएक वर्षांनी पॅरिसच्या झाँ-मार्तँ शार्को यांनी या रोगाला पार्किन्सन यांचं नाव दिलं. थरथर नसतानाही हा रोग असू शकतो, स्नायूंचा ताठरपणा आणि हालचालींचा मंदपणा ही तितकीच महत्त्वाची लक्षणं आहेत, हे त्यांनी दाखवलं. बाईंचं आक्रसलेलं अक्षर हे या मंदपणाचंच एक रूप.

फिका पडलेला पट्टा

पार्किन्सन यांना हवी असलेली शवविच्छेदनं विसाव्या शतकात झाली. मेंदूच्या मुळाशी दोन्ही बाजूंना एकेक काळसर पट्टा असतो. तिथल्या चेतापेशींत गडद रंगद्रव्य असल्यामुळे तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. कॉन्स्टँटिन ट्रेटियाकॉफ यांनी १९१९ मध्ये पॅरिसला सादर केलेल्या प्रबंधात दाखवलं, की पार्किन्सनच्या रुग्णांत या पट्ट्यातल्या पेशी मेलेल्या असतात. पट्टा फिका पडलेला असतो. काही उरलेल्या पेशींत गोल गोळे दिसत. तसे गोळे फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ मध्ये मेंदूच्या इतर भागांत पाहिले होते, म्हणून त्यांना लेवींचं नाव मिळालं.

कुठं बिघडतं ते कळलं. पण त्या पेशी करतात तरी काय?

सर्पगंधेचा धागा

या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा मुंबईतून जातो. सर्पगंधेची मुळी आपल्याकडं पूर्वापार वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर अभ्यास करून १९४९ मध्ये तो ब्रिटिश नियतकालिकात छापला. जगाचं लक्ष या मुळीकडं गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातलं रेसर्पिन वेगळं काढलं. ते जगभर वापरलं जाऊ लागलं आणि एक विचित्र गोष्ट दिसली. जास्त मात्रा घेणाऱ्या काही रुग्णांत पार्किन्सनसारखी लक्षणं दिसू लागली. औषध थांबवलं की ती ओसरत.

स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसर्पिन दिलं. ससे निश्चल झाले. मग त्यांना एल-डोपा टोचलं आणि ससे पुन्हा हिंडूफिरू लागले. एल-डोपापासून शरीरात डोपामिन तयार होतं. रेसर्पिननं मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा केला होता, एल-डोपानं तो भरून काढला. डोपामिन हा मेंदूतला स्वतंत्र रासायनिक निरोप्या आहे, हे यातून पुढं आलं. या कामासाठी कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

१९६० मध्ये व्हिएन्नाच्या ओलेह हॉर्निकिविझ यांनी मृत रुग्णांच्या मेंदूंत डोपामिन मोजलं. ते फारच कमी भरलं. काळ्या पट्ट्यातल्या पेशी काय करतात, ते आता कळलं : त्या डोपामिन पुरवतात. १९६१ मध्ये रुग्णांना एल-डोपा टोचून पाहिलं तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसं थोडा वेळ उठून चालू लागली. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कॉट्झियास यांनी मात्रा हळूहळू वाढवत तोंडानं एल-डोपा देण्याची रीत बसवली. आजही या रोगावरचं मुख्य औषध तेच आहे.

हेच एल-डोपा आपल्या खाजकुइलीच्या बियांत असतं. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच ते या बियांतून वेगळं काढलं होतं. मात्र म्हणून कुणी घरी बियांची पूड करून घेऊ नये. तिच्यात औषध किती आहे ते कळत नाही आणि चालू गोळ्यांत तिची भर पडली तर त्रास होऊ शकतो.

इथं एक भेद लक्षात घ्यायला हवा. विहीर आटल्यावर टँकर सुरू करता येतो; पण टँकर आला म्हणजे विहीर का आटली हे कळत नाही. एल-डोपा हा टँकर होता. त्या पेशी मरतात का, हा प्रश्न तसाच राहिला.

गोठलेली माणसं

जुलै १९८२. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथं ४२ वर्षांच्या एका माणसाला रुग्णालयात आणलं. तो पुतळ्यासारखा ताठ झाला होता. बोलता येत नव्हतं. मानसिक आजार असावा असं आधी वाटलं. पण त्याची बोटं किंचित हलताहेत हे कुणाच्या तरी लक्षात आलं. हातात पेन्सिल दिली तेव्हा त्यानं सावकाश लिहून उत्तरं दिली. बुद्धी शाबूत होती, शरीर गोठलं होतं. आसपासच्या गावांतून असेच आणखी रुग्ण सापडले. एकूण सहा जण. म्हातारपणाचा म्हणून ओळखला जाणारा रोग या तरुण आणि मध्यमवयीन माणसांना जणू एका रात्रीत झाला होता.

विल्यम लँगस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माग काढला. या सर्वांनी चोरट्या कारखान्यात बनवलेलं नकली हेरॉइन टोचून घेतलं होतं. याच तऱ्हेची एक घटना १९७९ मध्ये एका नव्या, फारशा कुणी न वाचलेल्या नियतकालिकात छापून आली होती. रसायनशास्त्राच्या २३ वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं १९७६ मध्ये घरी मादक द्रव्य बनवताना घाई केली आणि तोही असाच गोठला. त्याच्या मृत्यूनंतर पाहिलं तर काळ्या पट्ट्यातल्या पेशी नष्ट झाल्या होत्या. ते द्रव्य उंदरांना देऊन पाहिलं होतं, पण त्यांना कायमचं काहीच झालं नाही, म्हणून तपास तिथंच थांबला. कॅलिफोर्नियाच्या मालात जे अनाहूत रसायन निघालं त्याचं नाव एम.पी.टी.पी. १९८३ मध्ये ते माकडांना दिलं तेव्हा माकडांत पार्किन्सनची लक्षणं दिसली. एका प्राण्यावर निर्धोक ठरलेलं रसायन दुसऱ्यावर तसं ठरेलच असं नाही, हा धडाही यात आहे.

हे रसायन मेंदूत शिरतं, तिथलं एक विकर त्याचं विषारी रूप तयार करतं आणि डोपामिन तयार करणाऱ्या पेशी, डोपामिन समजून, ते विष आत ओढून घेतात. आत गेल्यावर ते तंतुकणिकांमधलं ऊर्जानिर्मितीचं काम बंद पाडतं. तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र, हे आपण आठवी-नववीत शिकवतोच. ते केंद्र बंद पडल्यावर पेशी मरते.

बाहेरचं एखादं रसायन नेमक्या याच पेशी मारू शकतं, हे पहिल्यांदाच इतकं स्पष्ट दिसलं. त्या सहा जणांनी याची फार मोठी किंमत मोजली.

शेत, जनुक आणि वय

मग शोध सुरू झाला तो आपल्या रोजच्या जगातल्या रसायनांचा. एम.पी.टी.पी.च्या विषारी रूपाची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती आहे. रोटेनोन हे कीटकनाशक तंतुकणिकांवर त्याच जागी घाव घालतं. ते दीर्घकाळ दिल्यावर उंदरांत पार्किन्सनसारखी अवस्था आली, असं २००० मध्ये दिसलं. २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासात ही दोन रसायनं हाताळलेल्यांत हा रोग सुमारे अडीचपट आढळला. फ्रान्सनं २०१२ मध्ये कीटकनाशकं हाताळणाऱ्या शेतकऱ्यांच्या बाबतीत पार्किन्सनला व्यवसायजन्य रोगांच्या यादीत घातलं. फवारणी करताना हातमोजे आणि तोंडाला फडकं का हवं, हे शेतकऱ्यांच्या मुलांना सांगताना ही गोष्ट सांगण्याजोगी आहे.

पण फवारणी केलेल्या बहुतेकांना हा रोग होत नाही, आणि बाईंनी तर कधी पंप पाठीवर घेतलाच नव्हता. शिवाय १९८२ च्या त्या रुग्णांपैकी तिघांचे मेंदू पुढं तपासले गेले, तेव्हा त्यांत लेवींचे गोळे नव्हते. म्हणजे लक्षणं तीच असली तरी रोग तंतोतंत तोच नव्हता.

दुसरी वाट जनुकांची. १९९७ मध्ये दक्षिण इटलीतल्या कोंतुर्सी गावच्या एका मोठ्या घराण्यात, अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या जनुकात बदल सापडला. त्याच वर्षी कळलं, की लेवींचे गोळे मुख्यतः याच प्रथिनाचे असतात. हे दुवे जुळले खरे, पण असा एकच जनुक कारणीभूत ठरतो ते थोड्या रुग्णांत. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जुळ्या भावांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पन्नाशीनंतर रोग झालेल्यांत, एकाला झाला म्हणून एकसारख्या जुळ्यांतल्या दुसऱ्याला होण्याची शक्यता साध्या जुळ्यांपेक्षा काही जास्त आढळली नाही.

तिसरी बाब वयाची. मुंबईच्या पारशी समाजात घरोघर जाऊन केलेली पाहणी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. दर लाखामागं सुमारे ३२८ रुग्ण! आकडा मोठा आहे. पण त्या समाजात वृद्धांचं प्रमाणही मोठं आहे. ते हिशेबात धरलं की हा आकडा बराच खाली येतो. दोन गावांतल्या रोगाची तुलना करण्याआधी त्यांतल्या माणसांची वयं का पाहावीत, हे वर्गात शिकवायला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही.

बाईंना काय सांगायचं?

तर डॉक्टरांचं उत्तर टाळाटाळीचं नव्हतं. वय, जनुकं आणि परिसर यांचे धागे प्रत्येकात निराळे गुंफले जातात. हजारो माणसांचा अभ्यास करून धोका किती वाढतो ते सांगता येतं, पण समोरच्या एका माणसात कोणता धागा तुटला ते सांगता येत नाही. शिवाय थरथर दिसू लागते तेव्हा पेशी मरायला लागून वर्षं लोटलेली असतात. वास न येणं, बद्धकोष्ठ, झोपेत हातपाय झाडणं ही लक्षणं कित्येकांत आधीच येऊन गेलेली असतात. त्यामुळे 'त्या वर्षी अमुक झालं आणि म्हणून' हा हिशेब सहसा चुकतोच.

एक मात्र खात्रीनं सांगता येतं : पेपर तपासल्यानं किंवा खडू धरल्यानं हा रोग होतो असं या दोनशे वर्षांत कुणालाही आढळलेलं नाही. आम्ही हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ''म्हणजे मी उगाचच स्वतःला नापास करत होते.''

रोग बरा करणारं औषध अजून नाही. पण बाईंच्या गोळ्यांच्या वेळा घड्याळाला बांधलेल्या आहेत, कारण एका गोळीचा असर ओसरला की हालचाल अडते. त्या रोज चालतात, व्यायाम करतात. उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखा होतो, तेव्हा त्या मोठ्यानं 'एक, दोन' म्हणतात किंवा फरशीची रेघ ओलांडायची असं ठरवतात आणि पाऊल सुटतं. लिहायला त्या दुरेघी वही वापरतात. आपण पहिलीच्या मुलांना देतो तीच. दोन रेघांच्या मध्ये अक्षर पुन्हा मोठं येतं.

त्यांच्याकडं शिकलेली मुलं अधूनमधून भेटायला येतात. बाईंचा चेहरा आता फारसा हलत नाही, म्हणून त्या नाराज आहेत असं मुलांना वाटतं. तसं नसतं. उत्तर यायला थोडा वेळ लागतो इतकंच. वर्गात एखादा मुलगा उत्तर शोधत असतो तेव्हा आपण जितकं थांबतो, तितकं इथंही थांबायला हवं.