छातीतील कळ : निदानाचा इतिहास

छातीत कळ आली की आपण ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा चघळतो. १७६८ साली लंडनच्या डॉ. विल्यम हेबर्डन यांनी ही कळ नेमकी टिपली : चालताना, विशेषतः जेवणानंतर चढ चढताना ती उठते, थांबताच विरते. तिचे मूळ हृदयाच्या धमन्यांत आहे, हे मात्र त्यांना उमगले नाही.

१९०५ साली हॉलंडमधील लायडन येथे आइन्थोव्हेन यांनी रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंत दीड किलोमीटर तार ओढून हृदयाचा विद्युत्-आलेख काढला. यंत्रच तेवढे अवजड! १९१२ मध्ये शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी दाखविले, की धमनी तुंबली तरी रोगी तत्काळ दगावतोच असे नाही. म्हणजे निदानास अवधी असतो. आज असा रोगी दवाखान्यात पोचताच दहा मिनिटांत आलेख काढावा, असा दंडक आहे. मधुमेह्यांस व वृद्धांस कधी कळ येतच नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो.