दिमिष्कचं दक्षिण दार

यात्रेच्या कागदावर आजच्या दिवसापुढे दोनच नावं आहेत: सकाळी हनन्याचं घर, दुपारी उमय्याद मशीद. गटातलं कुणीतरी विचारतं, ‘ख्रिस्ती यात्रेत मशीद कशाला?’ वाटाडा नुसता हसतो आणि चालू लागतो. त्याच्यामागून तुम्ही बाब शर्की या रोमन वेशीत शिरता. पलीकडे पाऊल टाकता तेव्हा मोटारींचे भोंगे थांबलेले असतात.

साल आहे इसवी सन 35 च्या आसपासचं. ‘प्रेषितांची कृत्ये’ वाचताना भेटलेला ‘नीट’ नावाचा रस्ता पश्चिमेकडे सरळ दीड किलोमीटर गेला आहे. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, त्यांच्या सावलीत दुकानं, मधून धान्याच्या गोण्या लादलेली गाढवं. याच रस्त्यावर यहूदा नावाच्या माणसाच्या घरी शौल दृष्टी गमावून बसला आहे. तीन दिवस त्यानं अन्नपाण्याला स्पर्श केलेला नाही. हनन्या त्याच्याकडे निघाला आहे, पण बिचकत. हा शौल आपल्यासारख्या ख्रिस्ताच्या अनुयायांनाच बांधून न्यायला आला होता, हे त्याला ठाऊक आहे. तरी तो जातो, आंधळ्याच्या डोक्यावर हात ठेवतो आणि त्याला ‘भाऊ’ म्हणून हाक मारतो.

उजवीकडे घरांच्या वर एक प्रचंड दगडी भिंत दिसते. ते ज्युपिटरचं देऊळ. त्याआधी तिथेच अरामी लोक हदाद या वादळाच्या देवाला बळी देत. तुम्ही त्या भिंतीच्या रोखानं चालू लागता आणि पोचेपर्यंत साडेतीनशे वर्षं उलटतात.

आता सम्राट थिओडोशियसचा काळ आहे. चौथं शतक संपत आलंय, देवळाच्या आवारात चर्च उभं राहिलंय. पुढे ते बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावानं ओळखलं जाईल. दक्षिणेच्या भिंतीत तीन दारं आहेत आणि मधलं सगळ्यांत मोठं आहे. त्याच्यावरच्या दगडात ग्रीक अक्षरं कोरली जातील. ख्रिस्ताचं राज्य युगानुयुगांचं आहे, असा 145 व्या स्तोत्राच्या आधारानं घेतलेला त्यांचा आशय. ती अक्षरं नीट पाहून ठेवा, पुढे लागतील.

सन 635. मुसलमान सेनापती खालिद बिन वलीद पूर्वेच्या वेशीतून तलवारीच्या जोरावर आत येतो. त्याच वेळी पश्चिमेकडून त्याचा सहकारी अबू उबैदा तहाच्या अटी मान्य करून शिरतो. जुने अरबी इतिहासकार सांगतात, की दोघं शहराच्या मध्यावर समोरासमोर आले आणि शहर जिंकलं म्हणायचं की शरण आलं, यावर वाद झाला. शेवटी तह मानला गेला. लोकांचे जीव वाचले, चर्चं त्यांच्याकडे राहिली.

त्यानंतरची सत्तर वर्षं पाहायला तुम्ही दक्षिण दारातच थांबा. मुसलमान आवाराच्या पूर्व भागात नमाज पढतात, ख्रिस्ती लोक पश्चिमेच्या चर्चमध्ये जातात. परंपरा सांगते, की दोघांची वाट एकच होती. याच दारातून आत यायचं, मग ख्रिस्ती डावीकडे वळत, मुसलमान उजवीकडे. एका कानाला स्तोत्रांचे सूर येतात, दुसऱ्या कानाला कुराणाचं पठण. खलिफाचे हिशेब सर्जून हा ख्रिस्ती अधिकारी पाहतो. प्रतिमांच्या बाजूनं पुढे झुंजणारा संत योहान दमास्की हा त्याचाच मुलगा.

पण 706 साली या दारातून बाहेर येणाऱ्या ख्रिस्ती लोकांचे चेहरे उतरलेले आहेत. शहरात मुसलमानांची संख्या वाढली आहे, खलिफा वलीदला भव्य मशीद हवी आहे. त्यानं चर्च मागितलं, ख्रिस्ती लोकांनी नकार दिला आणि त्यानं ते घेतलं. पहिला घाव त्यानं स्वतः घातला असं सांगतात. मोबदल्यात शहरातली इतर चर्चं त्यांच्याकडे कायम केली, पण गेलं ते गेलंच. इथे नजर वळवू नका, आधीच्या सत्तर वर्षांइतकंच हेही खरं आहे.

मग उमय्याद मशिदीचं बांधकाम सुरू होतं. खोदताना एका भुयारात पेटी सापडली, तीत योहानाचं शिर होतं, अशी आख्यायिका आहे. खलिफानं ते तिथेच ठेवून वर खांब उभारायला सांगितलं. मुसलमानांनाही तो पूज्यच, याह्या पैगंबर. आवाराच्या भिंतींवर सोनेरी पार्श्वभूमीचं मोझेक चढतं: हिरवी झाडं, वाहती नदी, वाडे आणि पूल, पण माणूस किंवा पक्षी एकही नाही. मक्का दक्षिणेला, म्हणून दक्षिणेची भिंत नमाजाच्या दिशेची झाली आणि तिथलं जुनं दार बुजवलं गेलं. वरची ग्रीक अक्षरं मात्र कुणी खोडली नाहीत.

पुढची शतकं भराभर सरतात. 1401 साली तैमूरच्या स्वारीत मशीद जळते, 1893 मध्ये पुन्हा आग लागते, दोन्ही वेळा ती उभी केली जाते.

मधल्या 1860 च्या जुलैत मात्र थांबायला हवं. बाब तूमाच्या ख्रिस्ती वस्तीतून धूर उठतोय, दंगेखोर घरं फोडताहेत, हजारो माणसं मारली जाताहेत. त्या गल्ल्यांतून अल्जीरियाचा अमीर अब्दुल कादिर आपली माणसं घेऊन फिरतो आहे. फ्रेंचांशी पंधरा वर्षं लढलेला, हरून निर्वासित झालेला हा धर्मनिष्ठ मुसलमान सापडतील त्या ख्रिस्ती कुटुंबांना आपल्या वाड्यात आणि मग किल्ल्यात पोचवतो. त्यानं वाचवलेले जीव हजारांत मोजतात.

सन 1900. मशिदीच्या अंगणात आठ खांबांवर उभ्या असलेल्या खजिन्याच्या घुमटातून जुनी हस्तलिखितं बाहेर काढली जाताहेत. त्यांत एका स्तोत्राचा तुकडा आहे. एका बाजूला ग्रीक, शेजारी त्याचं अरबी भाषांतर आणि ते अरबीही ग्रीक लिपीत लिहिलेलं. शेकडो वर्षं तो मशिदीत सांभाळला गेला होता.

6 मे 2001. पोप जॉन पॉल दुसरे योहानाच्या कबरीसमोर उभे आहेत. मशिदीत पाऊल ठेवणारे ते पहिले पोप.

आता तुम्ही आजच्या गर्दीत आहात. मधल्या यादवी युद्धानं सीरिया पोखरला आहे. 2025 च्या जूनमध्ये याच शहरातल्या मार एलियास चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना आत्मघाती हल्ला झाला. हनन्याच्या काळातली भीती इथल्या ख्रिस्ती माणसाला अजून सुटलेली नाही.

गटातल्या प्रश्नाचं उत्तर आता तुम्हीच देऊ शकता. दिमिष्कची ख्रिस्ती यात्रा या मशिदीशिवाय पुरी होत नाही, कारण इथल्या मंडळीनं काय गमावलं आणि तिचं काय सांभाळलं गेलं, हे दोन्ही याच आवारात दिसतं. त्यातलं एकच पाहून परतणारा अर्धी यात्रा करतो. शांतता असेल तेव्हा जा, प्रवासाच्या सरकारी सूचना आधी तपासा. दाराशी चपला काढा, स्त्रियांनी डोकं झाकावं. आणि दक्षिणेची भिंत बाहेरून पाहायची आहे, असं वाटाड्याला आधीच सांगून ठेवा.