निवृत्त कोणाला म्हणावे? आजऱ्याच्या निमित्ताने

'निवृत्ती' हा शब्द मराठीत नोकरीच्या दारातून आलेला नाही. तो प्रवृत्तीच्या समोर उभा असलेला साधनेचा शब्द आहे. ज्ञानदेवांच्या थोरल्या भावाचे आणि गुरूचे नावच ते. पुढे त्याला 'सेवा' हे पद चिकटले, त्यातील साधना गळून पडली आणि वेतनाचा प्रश्न तेवढा उरला. बोलीने हा सरकारी जोडशब्द फारसा जवळ केलाच नाही. आजऱ्याकडे माणूस अजूनही 'रिटायर' होतो, त्याला 'पेन्शन बसते', आणि पेन्शन न बसणारा माणूस कितीही थकला तरी रिटायर झाला असे कोणी म्हणत नाही. निवृत्तांच्या संघ-मंडळांचा इतिहास पाहताना हा भाषिक भेद आम्हांला कळीचा वाटतो.

आजरा हा पूर्वी इचलकरंजीच्या घोरपडे जहागिरीतील महाल. हिरण्यकेशीकाठचे, रवळनाथाचे, घनसाळ तांदळाचे हे गाव साहित्याच्या विद्यार्थ्यांना शिवाजी सावंतांची जन्मभूमी म्हणून परिचित असते. पण या तालुक्याच्या सामाजिक घडणीत भाताइतकाच वाटा बाहेरून येणाऱ्या मनिऑर्डरींचा आहे. घरटी एखादा मुलगा मुंबईच्या गिरणीत, एखादा पलटणीत, क्वचित एखादा शाळामास्तर: अशी ही विभागणी होती. परिणामी गावात परतणारे निवृत्तही तीन जातींचे झाले. शिक्षक व कारकून अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन घेऊन येत. फौजी पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून चाळिशीच्या आतच परते. त्याला वृद्ध म्हणणे हास्यास्पदच. गिरणी कामगार मात्र कधी निवृत्त झाला हे त्याचे त्यालाही नेमके सांगता येत नाही.

यांपैकी पहिल्या वर्गाला बसायला जागा आयतीच मिळाली, ती वाचनालयात. कोल्हापूरची नेटिव्ह लायब्ररी, म्हणजे आजचे करवीर नगर वाचन मंदिर, १८५० सालची. संस्थाने व जहागिरी यांच्या आश्रयाने ही प्रथा तालुक्यांपर्यंत झिरपली. आजऱ्याच्या वाचन मंदिराला घोरपडे घराण्यातील गंगामाईंचे नाव आहे. अशा वाचनालयांचा वर्तमानपत्रांचा टेबल हाच आपल्याकडील ज्येष्ठांचा पहिला क्लब. तेथे वर्गणी नाममात्र, शिस्त अलिखित आणि अग्रलेखावरील मतभेद कायमचे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने अनुदानाची व्यवस्था लावली, तरी सकाळी दार उघडण्याची वाट पाहणारे वाचक कायद्याने निर्माण केलेले नव्हते.

'ज्येष्ठ नागरिक' ही संज्ञा मात्र नंतरची. ज्येष्ठ नागरिक संघांना एकत्र बांधणारा महासंघ, 'फेस्कॉम', १९८० साली महाराष्ट्रात उभा राहिला. मासिक सभा, वाढदिवसांचे सत्कार, आरोग्य तपासणी, सहल, व्याख्यान हा संघाचा आता सर्वत्र रूढ झालेला साचा. त्याची चेष्टा करणे सोपे आहे; आम्ही ती करणार नाही. साठीनंतर आपले नाव दुसऱ्याने सभेत पुकारावे, ही लहान गोष्ट नाही.

याच काळातील १९८२ हे वर्ष थांबून पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी व्हिएन्ना येथे संयुक्त राष्ट्रांची वृद्धत्वविषयक पहिली जागतिक परिषद भरली. फ्रान्समध्ये १९७३ साली तुलूझ येथे सुरू झालेली 'तिसऱ्या वयाच्या विद्यापीठा'ची कल्पना १९८२ मध्येच ब्रिटनने उचलली, आणि तीही वेगळ्या रीतीने: प्राध्यापक बाहेरून आणायचे नाहीत, निवृत्तांनीच निवृत्तांना शिकवायचे. १७ डिसेंबर १९८२ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने नकारा खटल्यात, पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नसून हक्क आहे, असा निर्णय दिला. निवृत्त कर्मचारी हा दिवस 'पेन्शनर्स डे' म्हणून पाळतात.

आणि त्याच वर्षी, १८ जानेवारीला, मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. जगात निवृत्तीला नवा अर्थ दिला जात होता त्या बारा महिन्यांत आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगडकडचे हजारो कर्ते पुरुष तिशी-चाळिशीतच घरी बसले. त्यांच्या परतण्याला निरोपसमारंभ नव्हता, शाल-श्रीफळ नव्हते.

हा कामगार रिकाम्या हाताने आला, पण संघटनेची सवय घेऊन आला. गिरणगावात एका गावाच्या नावाची एक खोली असे. पाळीपाळीने तीत माणसे झोपत. त्या खोलीचे मंडळ, मंडळाची वर्गणी, हिशेबाची वही, भजन, व्यायामशाळा, कामगार नाट्यस्पर्धेसाठी बसवलेले नाटक: हे सगळे शिक्षण त्याने घेतलेले होते. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या गिरणगावाच्या मौखिक इतिहासात हे जग कामगारांच्याच तोंडून उभे राहते. गावी परतल्यावर या कौशल्याला घरांच्या मागणीने पुन्हा वाव दिला. गिरण्यांच्या जमिनी विकल्या जाऊ लागल्या, त्यावर कामगारांचा हक्क मागितला गेला, आणि अर्ज, यादी, वारसनोंद यांसाठी तालुक्याच्या गावी मेळावे भरू लागले. २०१२ साली म्हाडाने ६,९२५ घरांची सोडत काढली. अर्जदार त्याच्या अनेक पटींनी जास्त होते. या विषम प्रमाणामुळेच हे मेळावे आजवर चालत आले आहेत.

या मेळाव्यांना कोणी 'विरंगुळा' म्हणत नाही. तेथे सहल नसते, गाण्याच्या भेंड्या नसतात. पण एकाच खात्यातले दोन साचेवाले तीस वर्षांनी शेजारी बसतात, कोण गेले, कोण उरले याची विचारपूस होते, जुन्या जॉबरच्या नकला होतात. आमच्या मते निवृत्तांचे हे मंडळच आहे; केवळ ते मागणीच्या नावाने भरते म्हणून समाजशास्त्राच्या कोष्टकात बसत नाही.

मराठी साहित्यानेही ते पाहिलेले नाही. 'नटसम्राट' (१९७०) काय, 'संध्याछाया' काय, आपला वृद्ध मुलांच्या संदर्भात उभा राहतो. त्याला समवयस्क मित्रांचा घोळका क्वचितच असतो. रत्नागिरीच्या मधल्या आळीतला अंतू बर्वा हा अपवाद, आणि त्याच्याही चौफेर टोमणेबाजीआड एकटेपण आहेच. गिरणी कामगारावर आपण कविता लिहिली, नाटके लिहिली, पण संपापाशी येऊन थांबलो. संपानंतर चाळीस वर्षे जगलेला, घनसाळ लावणारा, कागदांची पिशवी काखोटीला मारून तहसील कचेरीत येणारा नायक अद्याप कादंबरीत यायचा आहे.

बायकांची गोष्ट आणखी निराळी. नवरा मुंबईत असताना शेत त्यांनीच कसले, तो परतल्यावरही त्याच कसत राहिल्या. त्यांना निवृत्ती नाही, म्हणून निवृत्तांचा संघही नाही. त्यांचे एकत्र येणे हरिपाठाला, भजनी मंडळात, वारीत. अलीकडे मात्र एक नवीच गर्दी दिसते. गिरणी कामगार वारल्यावर घराच्या अर्जावर वारस म्हणून विधवेचे नाव लागते, आणि पूर्वी पुरुषांनी भरणाऱ्या मेळाव्यांत पुढच्या रांगांत नऊवारीतल्या म्हाताऱ्या बसू लागल्या आहेत. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. वाडीवरून सकाळच्या गाडीने निघायचे, सभा ऐकायची, बाजारातून नातवंडांना खाऊ घ्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे, असा त्यांचा तो दिवस असतो.